गॅलेथियाची वाळू पडीक नाही

मी राहतो त्या बंगळुरूचे मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर उभे आहे आणि कंठीरव क्रीडांगण संपंगी तलावाच्या. पाणी हटवले, की तलाव कागदोपत्री मोकळी जमीन ठरत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये बाह्यवर्तुळ मार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा या हिशेबातील चूक सर्वांनी पाहिली. तीच चूक आता ग्रेट निकोबारच्या दक्षिणेकडील गॅलेथिया उपसागराच्या किनाऱ्यावर होऊ घातली आहे.

जगातील सर्वांत मोठे सागरी कासव, लेदरबॅक, येथे अंडी घालते. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने येथील अभयारण्याचा दर्जा काढण्यास संमती दिली. त्याच महिन्यात केंद्राच्याच सागरी कासव कृती आराखड्याने हा किनारा महत्त्वाचे वीणस्थळ म्हणून नोंदवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ७२ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यात विमानतळ, नगर आणि वीजप्रकल्पासह गॅलेथियातील मालवाहू बंदर आहे.

पुळण म्हणजे एका जागी पडलेली वाळू नव्हे. लाटा वाळू नेतात आणि परत आणतात. मागची वाळूची टेकाडे हा तिचा राखीव साठा असतो. २००४ च्या त्सुनामीत येथील जमीन सुमारे चार मीटर खचली, पुळणी नाहीशा झाल्या. पुढे त्या पुन्हा साचल्या आणि कासवेही परतली, कारण वाळूला सरकायला वाव होता. लाटारोधक भिंत आणि सततचा गाळउपसा हा वावच काढून घेतात. त्यामुळे किनाऱ्याचा काही भाग कासवांसाठी मोकळा ठेवू, हे आश्वासन अपुरे आहे. तोडलेल्या वनाच्या बदल्यात हरियाणात झाडे लावण्याची योजना आहे. पुळणीला तर तसाही पर्याय नाही.

मलाक्का सामुद्रधुनीजवळील या बेटाचे सामरिक महत्त्व मी नाकारत नाही. परंतु कॅम्पबेल बे येथे नौदलाचा ‘आयएनएस बाझ’ हा तळ २०१२ पासून आहे. संरक्षणाची गरज आणि कंटेनरचा व्यापार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कोलंबो व सिंगापूरकडे जाणारा आपला माल वळवण्यासाठी केरळमधील विळिंजम बंदर मे २०२५ मध्ये राष्ट्रार्पित झाले आहे. त्याची क्षमता पुरती वापरण्याआधी गॅलेथियाचा बळी का द्यावा?

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरीच्या फेरविचारासाठी उच्चाधिकार समिती नेमण्याचा आदेश दिला होता. त्या समितीचा संपूर्ण अहवाल संसदेसमोर आणि जनतेसमोर यावा. त्सुनामीत विस्थापित झालेल्या निकोबारींची आपल्या जुन्या गावी परतण्याची मागणी ऐकली जावी. बंदराचा प्रश्न संरक्षणापासून वेगळा करून नव्याने तपासावा.

बंगळुरूला आपले तलाव परत मिळालेले नाहीत. गॅलेथियाची पुळण मात्र अजून आपल्या हाती आहे.