दोस्तांची बैठक, रयतेची वाटणी

दोनचार दोस्त सरकारांचे मुत्सद्दी एखाद्या रम्य गांवीं जमतात, आठ दिवस खलबत करतात, आणि उठतांना पत्रक काढतात कीं, अमक्या मुलखांत शांतता नांदावी व तेथील प्रजेची सुधारणा व्हावी म्हणून आमचें एकमत झालें आहे. शहाणे लोक माना डोलावतात. पण ज्या मुलखाविषयीं हें एकमत झालें, तेथल्या नांगरधाऱ्याला, मेंढपाळाला किंवा हमालाला त्या बैठकीचें आवतण होतें काय, हा साधा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आम्हां बहुजनसमाजास मात्र तो विचारल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या नांवानें दुसऱ्यानें संकल्प सोडावा आणि दक्षिणाही त्यानेंच घ्यावी, हा अनुभव आम्हांस पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

उदाहरण म्हणून सान रेमोची बैठक घ्या. इटलींतील ह्या समुद्रकांठच्या गांवीं १९२० च्या एप्रिलांत १९ पासून २६ तारखेपर्यंत इंग्लंड, फ्रान्स व इटली यांचे मुख्य प्रधान बसले होते. जपानचा वकीलही होता. पहिल्या महायुद्धांत तुर्कांची बादशाही कोलमडली, तेव्हां तिच्या ताब्यांतील अरब मुलखांची व्यवस्था काय, हा प्रश्न होता. २५ तारखेस निकाल झाला: सीरिया व लेबनॉन फ्रान्सकडे, इराक व पॅलेस्टाईन इंग्लंडकडे. आणि शांततेची ही पोथी वाचली जात असतां त्याच मुक्कामीं ह्या दोन दोस्तांनीं खनिज तेलाचाही करार उरकून घेतला. इराकच्या तेलांतील शेंकडा २५ हिस्सा फ्रान्सचा ठरला. देवाच्या नांवानें जमलेल्या पंगतींत भटजीचें लक्ष कोठें असतें, तें आम्हीं वेगळें सांगावयास नको!

आतां ह्या दोस्तांनीं आधीं कोणास काय वचन दिलें होतें तें पहा. १९१५-१६ सालीं मक्केच्या शरीफ हुसेनशीं इजिप्तमधील इंग्रज अधिकारी मॅकमहोन यानें पत्रें लिहून अरबांच्या स्वातंत्र्यास पाठिंबा कबूल केला आणि त्यांस तुर्कांविरुद्ध उठविलें. १९१६ च्या मे महिन्यांत सायक्स व पिको ह्या दोन मुत्सद्द्यांच्या गुप्त करारानें तोच मुलूख इंग्रज व फ्रेंच यांनीं नकाशावर रंग देऊन आपसांत वांटून घेतला. १९१७ च्या २ नोव्हेंबरला बाल्फोर यांनीं पॅलेस्टाईनमध्यें यहुदी लोकांच्या राष्ट्रीय वसतिस्थानास इंग्रज सरकारची सहानुभूति जाहीर केली. एकच म्हैस तिघां गिऱ्हाइकांस दाखवून तिघांकडूनही विसार घेणारा दलाल आठवडे बाजारांत सांपडला, तर लोक त्याचें काय करतील? पण दलालाच्या अंगावर मुत्सद्द्याचा पोशाख असला, म्हणजे त्याच कृत्यास राजकारण म्हणतात. गुप्त करार उघडकीस आला तोही ह्या दोस्तांच्या सचोटीमुळें नव्हे. रशियांत क्रांति झाली आणि बोल्शेव्हिकांनीं १९१७ च्या नोव्हेंबरांत सरकारी दप्तर फोडून तो छापला, म्हणून जगास कळला.

कोणी म्हणेल, प्रजेचें मत घेणें त्या धामधुमींत शक्य नव्हतें. हेंही खोटें आहे. मत घेतलें होतें! १९१९ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेचे किंग व क्रेन हे दोन गृहस्थ सीरिया व पॅलेस्टाईनमध्यें गांवोगांव फिरले. लोकांनीं त्यांस १८६३ अर्ज दिले. बहुसंख्य अर्जदारांचें मागणें स्पष्ट होतें: देश अखंड ठेवा, स्वातंत्र्य द्या, फ्रान्सचा अंमल आम्हांस नको. त्या अहवालाचें काय झालें? तो बासनांत बांधून ठेवला गेला आणि १९२२ च्या डिसेंबरांत, सारी वाटणी उरकल्यावर, लोकांच्या दृष्टीस पडला. रयतेस विचारावें, तिचा अंगठा घ्यावा आणि कागद पेटींत टाकून निकाल आपल्या मनाचा द्यावा, ही रीत आमच्या ओळखीची आहे.

मग शांतता कशी आली? १९२० च्या ८ मार्चला दमास्कसच्या लोकसभेनें स्वातंत्र्य जाहीर केलें होतें. सान रेमोनंतर तीन महिन्यांच्या आंत, २४ जुलैला, मैसलून येथें फ्रेंच तोफांनीं तें स्वातंत्र्य चिरडलें. त्यांचा युद्धमंत्री यूसुफ अल्‌-अजमा रणांत पडला. त्याच उन्हाळ्यांत इराकांत बंड पेटलें आणि इंग्रजांनीं तें फौजा व विमानें घालून मोडलें. १९२५ सालीं सीरिया पुन्हां उठला, तेव्हां खुद्द दमास्कस शहरावर तोफा डागल्या गेल्या. शांततेच्या पत्रकाखालीं जी शाई होती, तिचा रंग हा असा निघाला.

ह्या साऱ्यास त्यांनीं शास्त्राधारही काढला होता. राष्ट्रसंघाच्या घटनेच्या २२ व्या कलमांत म्हटलें होतें कीं, हे लोक अजून आपल्या पायांवर उभे राहण्यास समर्थ नाहींत, सबब पुढारलेल्या राष्ट्रांनीं पालक म्हणून त्यांस सांभाळावें. मी मास्तर माणूस आहें. मुलास आपली गरज उरूं नये, हेंच मास्तराच्या कामाचें सार्थक. जो मास्तर पोराच्या वडिलार्जित शेतांतलें पीक स्वतःच्या घरीं नेतो आणि पोरगें अजून अज्ञान आहे म्हणून दाखला देतो, तो मास्तर नव्हे, चोर आहे. त्याच कलमांत पालक निवडतांना त्या लोकांची इच्छा मुख्यत्वें पाहावी असेंही लिहिलें होतें. तें वाक्य मात्र सोयीस्कर रीतीनें विसरलें गेलें!

आणि सुधारणा? इराकांत इंग्रजांनीं १९१६ सालींच हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील कायद्याच्या धर्तीवर टोळ्यांसाठीं वेगळे नियम करून शेखांच्या हातीं न्यायनिवाडा दिला. जो टोळीचा वडीलधारा होता, तो सरकारच्या आधारानें जमिनीचा धनी होत गेला. १९३२ सालीं देश स्वतंत्र म्हणविला, आणि लगेच १९३३ सालीं जमीनदारांचा भरणा असलेल्या त्यांच्याच पार्लमेंटानें कायदा केला कीं, कर्ज असलेल्या कुळानें तें फेडल्यावांचून जमीन सोडूं नये. कोंकणांतला खोत आणि त्याचें कूळ ज्यांनीं पाहिलें, त्यांस ह्या सुधारणेचा अर्थ कळेल. आपल्याकडे खोती मोडणारा कायदा होण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. परकी पालक गेला तरी घरचा शेटजी राहतो, ही गोष्ट जोतीरावांच्या अनुयायांनीं कधीं विसरूं नये.

ह्या वाटणीशीं आमचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध रक्ताचा आहे. इराकच्या कुत गांवीं पुणें डिव्हिजन १४७ दिवस वेढ्यांत अडकली होती. तींत १०३, ११० व ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. १९१६ च्या २९ एप्रिलला उपासमारीनें शरणागति झाली. सेनापति टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामांत राहिला. शिपाई वाळवंटांतून पायीं हांकले गेले आणि हजारों वाटेंत व कैदेंत मेले. चार वर्षांस चार दिवस कमी असतां सान रेमोस त्याच भूमीची वाटणी झाली. पुढें बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचींही कोरलीं; हिंदी साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आंकडा घातला. ह्या भेदाबद्दल त्या स्मारकमंडळानें माफी मागितली ती २०२१ सालीं! मरावयास कुणबी चालला, दगडावर त्याचें नांव चाललें नाहीं.

इकडे त्याच सुमारास, १९१९ च्या सुधारणा येत असतां, कुणब्याचें कौन्सिलांत काय काम, असें विचारणारे स्वराज्यवादी आमच्यांतच होते. मुंबई कौन्सिलांत मराठे व तत्सम जातींस ७ राखीव जागा मिळाल्या, त्या ब्राह्मणेतरांनीं भांडून मिळविल्या; कोणी आपण होऊन ताटांत वाढल्या नाहींत. उलट शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीरांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण पुकारलें. अज्ञान म्हणून हक्क नाकारणें हा एक मार्ग, अज्ञान घालवून हक्क देणें हा दुसरा. सुधारणेची पारख येथें होते.

एक आक्षेप उरतो. तुर्कांचें राज्य काय रामराज्य होतें? मुळींच नव्हे. १९१५ सालीं आर्मेनियन प्रजेची जी कत्तल झाली, ती आठवली कीं अंगावर कांटा येतो. अशा दुबळ्यांस बाहेरचा आधार हवाच होता. पण दोस्तांनीं तो तरी दिला काय? १९२० च्या सेव्हरच्या तहांत आर्मेनियाचें राज्य लिहिलें. १९२३ च्या लोझानच्या तहांत त्याचें नांवही उरलें नाहीं. तेलाचा हिस्सा टिकला, दुबळ्याचें वचन टिकलें नाहीं.

तेव्हां बांधवहो, दोस्त सरकारें एखाद्या मुलखाच्या शांततेसाठीं बसलीं असें ऐकलें, म्हणजे तीन गोष्टी विचारा. त्या मुलखाचा माणूस बैठकींत होता काय, आणि तो रयतेचा कीं शेखसावकारांचा? सारीं कलमें उजेडांत आहेत काय? तह नोंदवावेत, न नोंदविलेला तह आपल्या कोणत्याही संस्थेपुढें आधारास घेतां येणार नाहीं, असें आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचें १०२ वें कलम सांगतें. तेवढा धडा तरी जग शिकलें आहे. आणि तिसरें, त्या सुधारणेनें कुळास जमीन व त्याच्या पोरास शाळा मिळाली काय? ह्या तिहींचें उत्तर नाहीं असें आलें, तर ती शांतता नव्हे, वाटणी आहे, असें बेलाशक समजा आणि चारचौघांत तसें बोलून दाखवा.