कोर्ट फीचा हिशेब मागायला शिका

मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराबाहेर चपला घालत होतो. तेवढ्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या एक ताई पुढे आल्या. चार घरची धुणीभांडी करून दोन लेकरं शिकवणारी ही बाई. नवऱ्याने टाकल्याला तीन वर्षे झाली. पदराच्या गाठीतून त्यांनी एक कागद सोडवला. त्यावर एवढेच लिहिलेले, "कोर्ट फी 8000 मिळाले". ना सही, ना शिक्का. पैसे बचत गटातून उचललेले.

"दादा, पोटगी आणि माझ्या लग्नातली भांडी-दागिने मागायचेत. कोर्टाबाहेरच्या माणसाला एवढे दिले. आता आणखी सात हजार मागतोय. नाही दिले तर केस लागणार नाही म्हणतो."

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडा दिसला की त्याची पावती शोधायची, ही आमची सवय. ताईंना सांगावे लागले, "ताई, तुमच्या या केसला कोर्ट फी लागतच नाही." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आठ हजार म्हणजे त्यांची दोन महिन्यांची कमाई.

वाचक बंधू-भगिनींनो, ही एकट्या ताईंची गोष्ट नाही. कोर्टाची पायरी चढायची म्हटले की आपण खिसा चाचपतो, आणि तिथेच कोणीतरी हात घालतो. म्हणून आज कोर्ट फीचा साधा हिशेब मांडत आहोत.

राज्यघटनेने कोर्टाची फी ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. त्यातून सुप्रीम कोर्ट तेवढे वगळले. आपल्याकडे 1959 चा मुंबई न्यायालय शुल्क अधिनियम आहे. आता त्याला महाराष्ट्र न्यायालय शुल्क अधिनियम म्हणतात. पैशाच्या वसुलीचा दावा असेल तर जेवढी रक्कम मागाल त्या प्रमाणात फी. घराच्या, जमिनीच्या दाव्यात त्या मालमत्तेचे मूल्य धरून फी. 16 जानेवारी 2018 पासून हे दर बरेच वाढले आणि फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. दहा लाखांचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. पण घरभाड्याचे डिपॉझिट अडकलेल्या कामगारालाही फी भरावीच लागते.

आता माफी कोणाला, ते पाहू.

पहिली माफी बायाबापड्यांची. 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने पोटगी, मालमत्तेचा वाद, अत्याचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांची कोर्ट फी माफ केली. पुढे शासनाने एवढे स्पष्ट केले की मालमत्तेचा वाद नवराबायकोच्या संबंधातून उद्भवलेला असावा. म्हणजे ताईंच्या भांड्या-दागिन्यांना माफी आहे. पण भावाकडून वडिलांच्या घरातला हिस्सा मागायचा असेल तर ही माफी लागू होत नाही. मग त्या बहिणीने काय करावे? तिच्यासाठी दुसरा दरवाजा आहे.

तो दरवाजा म्हणजे 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. त्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगारही त्या यादीत आहेत. दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे, एवढी प्राधिकरणाची खात्री पटावी लागते. वकील तर मिळतोच, शिवाय कोर्ट फी आणि नोटीस-समन्सचा खर्चही या मदतीत येतो. पुण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. फोनवर विचारायचे तर 15100 हा क्रमांक आहे.

"दाखल्यावर बौद्ध लिहिलंय, मग अनुसूचित जातीची सवलत कशी?" असे कोणी विचारले तर गप्प बसू नका. 1990 साली संसदेने कायदा दुरुस्त करून अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश केला आहे. जातीचा दाखला नीट काढून ठेवा. आणि त्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करताना कोणी स्टॅम्प पेपर आणायला लावला तर लक्षात असू द्या, जातीच्या, उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक शुल्क शासनाने 2004 सालीच माफ केले आहे. मुद्रांक शुल्क वेगळे, कोर्ट फी वेगळी. या दोन्हींची गल्लत करूनच अनेकांना लुबाडले जाते.

तिसरा मार्ग निर्धन व्यक्तीच्या दाव्याचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 33 खाली, फी भरण्याइतकी ऐपत नाही असे कोर्टाला पटवून दिले तर फी न भरता दावा चालतो. मात्र ही कायमची माफी नव्हे. दावा जिंकलात तर मिळणाऱ्या रकमेवर सरकारच्या फीचा पहिला हक्क, आणि हरलात तर फी तुम्हालाच भरावी लागते. म्हणून आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे आणि मग या मार्गाचा विचार करावा, असे आमचे मत आहे.

आता परताव्याचे. इथे आपली माणसे सगळ्यात जास्त झोपतात. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांचा हातउसन्या पैशाचा दावा लोकअदालतीत मिटला. पेढे वाटले, कागद ट्रंकेत ठेवले. भरलेल्या फीचे काय झाले, असे आम्ही विचारले तर म्हणाले, "ती सरकारजमा झाली ना!" काका, तशी ती होत नाही. कोर्टातला दावा लोकअदालतीकडे जाऊन तडजोडीने मिटला तर कलम 21 प्रमाणे भरलेली कोर्ट फी परत मिळते. लोकअदालतीबाहेर, साक्षीपुरावा सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांनी आपसात मिटवले, तरी आपल्या राज्याच्या कायद्याच्या कलम 43 प्रमाणे निम्मी फी परत मिळू शकते. पण सरकारी तिजोरीतला पैसा आपल्या पायाने घरी चालत येत नाही. मागावा लागतो, तोही मुदतीत. तडजोडीच्या दिवशीच वकिलांना सांगा, "साहेब, फी परतीचा हुकूम यात लिहून घ्या," आणि अर्ज केल्याशिवाय कोर्ट सोडू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही मात्र समजून-उमजूनच करा.

कोर्टकचेरी आपले काम नाही, असे म्हणणाऱ्यांना महाडची आठवण द्यावीशी वाटते. चवदार तळ्याचे पाणी अडवण्यासाठी विरोधकांनी डिसेंबर 1927 मध्ये बाबासाहेबांवर दिवाणी दावाच लावला होता. बाबासाहेबांनी तो सोडून दिला नाही. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. जवळजवळ दहा वर्षे! आणि आपण एका पावतीसाठी दहा मिनिटे थांबत नाही.

ताईंना घेऊन आम्ही शिवाजीनगरला गेलो. आधार कार्ड, लग्नाची पत्रिका आणि रेशन कार्ड सोबत होते. अर्ज घेतला गेला, वकीलबाई मिळाल्या, पोटगीचे आणि भांड्या-दागिन्यांचे काम दाखल झाले. कोर्ट फी शून्य. त्या माणसाकडचे आठ हजार मात्र अजून परत आलेले नाहीत. बचत गटाचा हप्ता ताई दर महिन्याला भरतात. आमच्या मनाला हे लागून राहिले आहे. विहारात ही माहिती आम्ही सहा महिने आधी सांगितली असती तर तो हप्ता त्यांच्या डोक्यावर नसता.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने येत्या पौर्णिमेला एवढे तरी करावे. हे पान मोठ्याने वाचून दाखवावे. आणि प्रत्येकाने एक गाठ मारावी : फी कोणत्या कलमाखाली, ते विचारल्याशिवाय पैसा द्यायचा नाही, दिला तर पावतीशिवाय हलायचे नाही, आणि खटला मिटला तर परतावा मागितल्याशिवाय घरी यायचे नाही.

जय भीम!