घाणेरीलाही मान देणारी दृष्टी

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. तेव्हापासून ते सुंदर ललितगद्य म्हणून वाचले जाते आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. त्याचे सौंदर्य अचूक पाहण्यातून आले आहे आणि हे पाहणे दुर्गाबाईंच्या लेखी साधनाच होते, असे माझे मत आहे. चैत्रावरचा लेख काढून पाहावा. पिंपळाच्या कोवळ्या पालवीइतकीच आस्था तिथे घाणेरीच्या वाट्याला आली आहे. जिच्या नावातच हेटाळणी, त्या कुंपणाकडेच्या झुडपाचे रंग त्यांनी जिव्हाळ्याने टिपले. त्याची फुले देवाला वाहण्याजोगी आहेत का, असे त्या विचारत नाहीत. जे आहे ते नीट पाहताना पाहणाऱ्याचा 'मी' विरत जातो. संतांनी माणसांसाठी मागितलेली समदृष्टी इथे झाडाझुडपांपर्यंत पोचली आहे.

यावर कोणी म्हणेल, दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक, मुंबईच्या फोर्टातल्या एशियाटिक ग्रंथालयात रमणाऱ्या, आणीबाणीतही सत्तेपुढे न वाकलेल्या. अशा कठोर बुद्धीच्या बाईंना अध्यात्म चिकटवणे हा आगाऊपणा आहे. अध्यात्म म्हणजे पूजाअर्चा किंवा गुरुबाजी असेल, तर आक्षेप मान्य. पण अमेरिकन लेखक थोरोचे 'वॉल्डन' 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आणले ते याच बाईंनी. वॉल्डन तळ्याची खोली दोरी सोडून मोजणारा आणि त्याच तळ्याकाठी भगवद्गीता वाचणारा हा माणूस त्यांना जवळचा वाटला. ज्या 'पैस'ला १९७१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचा शीर्षकलेख ज्ञानदेवांच्या नेवाशातल्या दगडी खांबाविषयी आहे. मोजमाप आणि भक्ती यांत त्यांना भांडण दिसलेच नाही. 'ऋतुचक्रा'ची भाषा अलंकारिक असल्याची तक्रारही होते. काही ठिकाणी उपमांची दाटी होते, हे खरे. पण त्यांतल्या चांगल्या उपमा काढून टाकल्या तर रंगाची नेमकी छटाच हरवते.

राहिला प्रश्न शहराचा. निसर्ग पाहायला अरण्यच गाठले पाहिजे, हा समज मुंबईच्या या लेखिकेने खोटा ठरवला. गिरगावातल्या चाळीच्या भिंतीला भेग पाडून पिंपळ उगवतो, लालबाग-परळच्या रस्त्याकडेची झाडे आपापल्या वेळी पाने गाळतात आणि दादरच्या फूलबाजारातल्या टोपल्या महिन्यागणिक रंग बदलतात. येत्या गुढीपाडव्याला तोरणाची फुले घेऊन परतताना वाटेतल्या एका पिंपळापाशी थांबा, त्याची पालवी निरखा आणि घरी आल्यावर चैत्राचा तो लेख पुन्हा वाचा.