बॅटरी बाहेर काढता येते का, आधी विचारा

भात झोडून झालं, वाल टाकून झाले, म्हणून आज शेतीबाहेरचं लिहितो.

पुतण्याची इलेक्ट्रिक स्कूटर पावसात रोह्याहून येताना नागोठण्याजवळ बंद पडली. बॅटरी फूटबोर्डखाली कायमची बसवलेली. पेणच्या मिस्त्रीने हात जोडले, "काका, उघडली तर वॉरंटी जाईल." टेम्पोत घालून पनवेलला नेली, अकरा दिवस तिथेच. आपला पंप बिघडला तर बेअरिंग गावातच बदलतो ना?

पक्की बसवली की पाणी शिरत नाही, गाडी सुबक दिसते, हे मान्य. पण विडा व्ही१ सारख्या गाडीत बॅटरी काढून घरात चार्ज करता येतेच. गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच, आणि वर्षागणिक तोच झिजणार.

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून हलक्या इलेक्ट्रिक दुचाकींची बॅटरी बाहेरच्या जाणकार कारागिरालाही बदलता आली पाहिजे, असा कायदा आहे. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली. मग ती काढायची सोय गावच्या मिस्त्रीलाही द्या.

गाडी घेण्याआधी शोरूममध्ये विचारा: बॅटरी निघते का, नवीन केवढ्याला, आणि बदलणार कोण? रंग नंतर बघा.