सायकलस्वाराचा हक्क आणि समाजाचे कर्तव्य

पहाटे दुधाच्या किटल्या अडकवून शहराकडे निघालेला गवळी, जिनिंगमधील पाळी संपवून घरी परतणारा कामगार आणि शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवरून शाळा गाठणारी विद्यार्थिनी, हे बुलढाणा जिल्ह्यातील रस्त्यांचे नित्याचे चित्र. याच जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांवरून राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ जातो आणि त्यावर अवजड वाहनांची रांग अखंड असते. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा सारा देश हळहळला. तातडीने मदतही जाहीर झाली. ते उचितच होते. परंतु एकट्या सायकलस्वाराला मालमोटारीने उडविले, तर त्याची दखल वृत्तपत्रातील चार ओळींपलीकडे जात नाही.

पुढे जे घडते, ते अधिक क्लेशदायक असते. वाहनमालकाचा कोणी माणूस रुग्णालयात येतो, काही हजार रुपये हातावर ठेवतो आणि ‘पोलीस-कोर्टाच्या भानगडीत कशाला पडता?’ असे समजावतो. गोंधळलेले कुटुंब मान डोलावते. गुन्हा नोंदला जात नाही, पंचनामा होत नाही. सहा महिन्यांनी पाय कायमचा अधू झाल्याचे डॉक्टर सांगतात, तेव्हा हाती ना पैसा असतो ना कागद.

वास्तविक कायदा या जखमी माणसाच्या बाजूने उभा आहे. सायकल हे मोटार वाहन नाही. तिला परवाना लागत नाही, विमाही लागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला, तो अशाच पादचाऱ्यासाठी व सायकलस्वारासाठी. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी आणि अपंगत्वामुळे घटलेली कमाई या साऱ्यांची भरपाई मागता येते. मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज आपल्या राहत्या जिल्ह्यातही करता येतो. पुण्यात जखमी झालेल्या बुलढाण्याच्या मजुराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. सायकलस्वाराची थोडी चूक असली तरी दावा बुडत नाही. मुंबईत महापालिकेच्या बसच्या अपघातात मरण पावलेल्या अठरा वर्षांच्या सायकलस्वाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हेच तत्त्व विशद केले: चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होईल, हक्क नाहीसा होणार नाही.

दोष सिद्ध न करताही गंभीर दुखापतीस अडीच लाख व मृत्यूस पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. मात्र ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपुष्टात येतो. म्हणून जाणत्या वकिलाचा सल्ला आधी घ्यावा. धडक देऊन वाहन पळून गेले, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूस दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करावयाचा असतो. या योजनेचा लाभ घेणारे अत्यल्प आहेत, याची चिंता सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये व्यक्त केली आणि जखमींना माहिती देण्याचे दायित्व पोलिसांवर टाकले. रस्त्यातील खड्ड्यामुळे घात झाला, तरी संबंधित यंत्रणेने भरपाई दिली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावले आहे.

मुदतीचे मात्र भान हवे. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यास सहा महिन्यांची मर्यादा घातली. केवळ विलंबाच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला असला, तरी त्यावर विसंबून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे.

वाहनमालकाचे उत्तरदायित्व ही पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली कल्पना आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. सारथी अल्पवयीन असेल, तर वाहनात बसलेल्या मालकास दंड करावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला व मालकाला २०१९ च्या दुरुस्तीने जबाबदार धरले, ते याच न्यायबुद्धीला धरून आहे.

प्रश्न कायद्याचा नाही, तो कायदा गरिबाच्या दारापर्यंत नेण्याचा आहे. तेथे पोकळी राहिली की दलाल शिरतात, खोटे दावे रचले जातात आणि खरा पीडित बदनाम होतो. ही पोकळी सज्जनांनीच भरून काढली पाहिजे. अधिवक्ता परिषदेचे वकील, ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते आणि गावोगावचे स्वयंसेवक यांनी ठरविले, तर प्रत्येक तालुक्यात दोन जाणकार माणसे सहज उभी राहतील. काम अवघड नाही. पहिल्याच दिवशी गुन्हा नोंदवून घ्यावा, त्याची प्रत मागावी, वाहनाचा क्रमांक व साक्षीदारांची नावे टिपून ठेवावीत, रुग्णालयाचा प्रत्येक कागद जपावा आणि घाईच्या तडजोडीवर सही होऊ देऊ नये.

रुग्णाला फळे वाटणे ही सेवा आहेच. त्याच्या उशाशी बसून त्याचा अर्ज लिहून देणे ही त्याहून मोठी सेवा होय. जिजाऊंच्या जन्मभूमीत सायकलवरून घर चालविणारा माणूस न्यायासाठी एकटा पडू नये, एवढी दक्षता संघटित समाजाने घेतलीच पाहिजे.