पुस्तक कसे चुकेल?

मुलांनो, माझ्या एका विद्यार्थ्याने एकदा गणिताच्या वहीत आपले बरोबर उत्तर खोडले आणि पुस्तकाच्या शेवटी चुकून छापले गेलेले उत्तर त्या जागी लिहिले. कारण विचारताच तो म्हणाला, "गुरुजी, पुस्तक कसे चुकेल?" त्याला मी एका मोठ्या संख्येची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो.

दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६ आणि २५६ चा ६५,५३६. दोनापासून आरंभ करून यांतील प्रत्येक संख्येत एक मिळवा. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतील. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे एक आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने त्यांना निःशेष भाग जात नाही. फ्रान्समधील थोर गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये असे मत मांडले की, ही मालिका कितीही पुढे नेली, तरी तिच्यातील प्रत्येक संख्या मूळच असेल. मात्र याची सिद्धता आपणांस सापडलेली नाही, हेही त्याने प्रांजळपणे कबूल केले होते.

मालिकेतील सहावी संख्या आहे ४,२९,४९,६७,२९७. एवढ्या मोठ्या संख्येचा विभाजक शोधणे हे काम सोपे नव्हे. परंतु बाण्णव वर्षांनी, १७३२ मध्ये, लिओनार्ड ऑयलर या पंचवीस वर्षांच्या स्विस तरुणाने तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे दाखवून दिले. पुढे त्याने असेही सिद्ध केले की, या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला ६४ ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने घेतल्या, तर १९३, २५७, ४४९, ५७७ यांच्या मागोमाग ६४१ येते. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात यश! विचाराने श्रम वाचतात ते असे.

थोरांच्या शब्दाचा पडताळा पाहणे हा उद्धटपणा नव्हे काय, असे कोणी विचारील. मला तसे वाटत नाही. ज्या ऑयलरने फर्माची ही चूक दाखविली, त्यानेच फर्माची इतर कित्येक विधाने सिद्ध करून त्याची कीर्ती वाढविली. खरा आदर डोळे मिटून मान डोलावण्यात नसतो. शिवाय पाच उदाहरणे जुळली, एवढ्यानेच नियम सिद्ध होत नाही. या मालिकेत ६५,५३७ च्या पुढे एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही!

म्हणून मुलांनो, पुस्तकाचा मान राखा. पण आपले उत्तर खोडण्यापूर्वी ते पुन्हा एकदा तपासून पाहा. आणि हो, मी सांगतो म्हणून हेही मानू नका. वही उघडा, ६७,००,४१७ ला ६४१ ने गुणा आणि काय उत्तर येते ते तुम्हीच पाहा.