माजघरातला तुकोबा

दगडी पुष्करणी आणि मल्लिकार्जुनाचे जुने देऊळ यांमुळे बारामती तालुक्यातले लोणी भापकर जाणकारांना ठाऊक असते. परवा तिथे एका स्नेह्यांकडे गेलो होतो. बोलता बोलता लताबाईंनी गायलेल्या ‘अभंग तुकयाचे’ या ध्वनिमुद्रिकेचा विषय निघाला आणि तात्यांनी मान हलवली. उभा जन्म भजनात टाळ धरलेला हा माणूस. म्हणाले, “गाणं ग्वाड हाय. पण ते भजन न्हवं!”

तात्यांचे म्हणणे खोटे नाही. भजनात गाणारा एकटा नसतोच. एकाने चरण म्हणायचे, टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलायचे, पखवाजाने लय चढवत न्यायची. शेवटी गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा भेदच उरत नाही. श्रीनिवास खळ्यांनी चाली दिलेल्या या ध्वनिमुद्रिकेत मात्र आपण गप्प बसून ऐकायचे.

अशी तक्रार काही आपल्याकडेच झाली असे नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली गायकी बाजारात आली, तिला ‘सोल’ म्हणू लागले, तेव्हा तिथल्या श्रद्धाळूंनीही नाके मुरडली होती. त्याच गायकीची राणी अरेथा फ्रँकलिन ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री ती भक्तिगीते गायली. ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने ते गाणे, जे त्या चर्चची पायरी कधीच चढणार नव्हते, अशा लाखोंच्या घरांत पोचले.

आपल्याकडे ते कोणाच्या घरात पोचले? मी आत चहा करणाऱ्या काकूंना विचारले, “तुम्ही ऐकता का?”

“ऐकते की. भाकरी थापताना. पूर्वी कॅसेट होती, आता मोबाईलवर.”

“आणि वारी?”

“ह्यांची कधी चुकली न्हाई. मी बारामतीला पालखीचं दर्शन घिऊन माघारी येते. घरची गुरंढोरं, म्हातारी माणसं कुणी बघायची?”

बायका वारीत चालतात, फुगड्या घालतात, हे खरेच. पण कोणीतरी मागे राहते, म्हणून कोणीतरी पुढे जाऊ शकते. सासरी निघताना मागे वळून पाहणारी मुलगी, दिवाळीला माहेरून कोणी न्यायला येईल म्हणून वाटेकडे डोळे लावणारी लेक, हे दाखले तुकोबांनी विठ्ठलाच्या ओढीसाठी दिले. फडावर टाळांच्या गजरात ते चटकन पुढे सरकतात. खळ्यांची संथ चाल त्यांच्यापाशी थांबते, आणि ज्या बाईने ती वाट स्वतः पाहिलेली असते, तिला तो अभंग आपलाच वाटतो.

खळे २०११ मध्ये गेले, लताबाई २०२२ मध्ये. हे गाणे कोणासाठी, असे कोणी विचारले तर मी सांगेन, ज्यांचे हात टाळ धरायला कधी मोकळे नव्हते, त्यांच्यासाठी. आणि तात्यांसाठीही! फक्त त्यांनी ते ओसरीवर बसून ऐकू नये. भाकरीच्या वेळी चुलीपाशी जाऊन बसावे.